चिक चॉकलेट (१९१६–१९६७) : एका जाझ ट्रम्पेटवादकाचे जीवनकार्य आणि इतिहासाच्या साधनांचा प्रश्न

प्रस्तावना

खान्देशातील इतिहासाच्या अभ्यासकावर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ऋण आहे. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात राजवाडे धुळ्यास राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाने धुळ्यात संशोधन मंडळ उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या बावीस खंडांतून त्यांनी एक शिस्त घालून दिली : अस्सल कागद हाती आल्याशिवाय विधान करू नये. ही शिस्त आजही मोलाची आहे. परंतु ज्यांचे काम कागदावर क्षणभरच राहिले आणि मग हवेत विरून गेले, अशा माणसांचा इतिहास कसा लिहावा, हा प्रश्न या शिस्तीतूनच पुढे येतो. वादक हा अशा माणसांपैकी एक होय.

प्रस्तुत निबंधात गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत नावारूपास आलेले जाझ ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या जीवनकार्याचा परामर्श घेतला आहे. त्यांचा जाझ मुंबईच्या हॉटेलांत जन्माला आला, चित्रपटगीतांतून जळगाव-धुळ्यासारख्या जिल्ह्यांपर्यंत पोहोचला आणि येथील लग्नाच्या बँडमध्ये मुरला. त्यांचे नाव मात्र या प्रवासात सोबत आले नाही. नाव मागे का राहिले आणि नाव नसलेल्या कामाला इतिहासात कोणते स्थान द्यावे, याचा शोध घेणे हे या लेखनाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी चित्रपट व ध्वनिमुद्रिका यांना प्राथमिक साधन मानले असून, ग्रेगरी बूथ यांचे ‘ब्रास बाजा’ (२००५) व ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांचे ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या ग्रंथांनी खुल्या केलेल्या अभ्यासक्षेत्राची पार्श्वभूमी लक्षात घेतली आहे.

गोव्याची संगीतशाळा आणि मुंबईची वाट

चिक चॉकलेट यांचे मूळ नाव अँतोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म १९१६ साली बार्देश तालुक्यातील हळदोणे या गावी झाला. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती आणि ती डिसेंबर १९६१ पर्यंत टिकली. या राजवटीत चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य संगीताचे प्राथमिक शिक्षण दिले जाई. रेषांवर लिहिलेली स्वरलिपी वाचणे, ती गाऊन दाखवणे आणि एखादे वाद्य, बहुधा व्हायोलिन, हाताळणे हा त्या शिक्षणाचा गाभा होता. प्रार्थनासंगीतासाठी गायक-वादक तयार व्हावेत हा त्यामागील मूळ हेतू होता. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, भारतीय उपखंडात स्वरलिपी वाचू शकणाऱ्या व्यावसायिक वादकांचा मोठा वर्ग या छोट्याशा प्रदेशातून निर्माण झाला.

गोव्यात या कौशल्याला पोटापाण्यापुरताही वाव नव्हता. त्यामुळे गोमंतकीय वादक मुंबई, कलकत्ता, रंगून, मसुरी, कराची अशा शहरांकडे आणि थंड हवेच्या ठिकाणांकडे वळले. मुंबईत धोबीतलाव-गिरगावच्या परिसरात गावागावांच्या नावाने चालणाऱ्या ‘कुडी’ हे त्यांचे पहिले आश्रयस्थान असे. आपल्या गावच्या कुडीत खाट मिळवायची, पेटी ठेवायची आणि कामाच्या शोधात निघायचे, असा हा क्रम होता. गिरणगावातील कोकणी व घाटी कामगारांच्या खानावळी-खोल्यांचा इतिहास मराठीत पुष्कळ लिहिला गेला आहे; त्याच शहरातील वादकांच्या स्थलांतराचा मात्र फारसा विचार झालेला नाही.

ताजमधील जाझ आणि एकलव्याची विद्या

जाझ हे मूळचे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत. न्यू ऑर्लिन्स शहरातील मिरवणुकांत आणि अंत्ययात्रांत वाजणाऱ्या पितळी वाद्यांच्या पथकांशी त्याचे जवळचे नाते आहे. ठरलेली चाल वाजवता वाजवता वादकाने त्या क्षणी सुचेल तशी नवी स्वरवाक्ये गुंफत जाणे, हा त्याचा प्राण. आपल्या रागसंगीतातील ‘उपज’ या संकल्पनेशी त्याची तुलना करता येते. मात्र जाझमधील उपज स्वरसंगतींच्या ठरलेल्या क्रमावर उभी असते, रागाच्या चलनावर नव्हे. न्यू ऑर्लिन्सचेच लुई आर्मस्ट्राँग (१९०१–१९७१) यांनी ट्रम्पेटच्या साहाय्याने ही कला शिखरास नेली.

मुंबईत या संगीताला प्रतिष्ठा मिळाली ती १९३५ नंतर. त्या वर्षी लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी तेथे वादन केले. या वादकांच्या शेजारी बसून वा त्यांना ऐकून गोमंतकीय वादकांनी जाझ आत्मसात केले. कुडचड्याचे ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड हे याच पिढीतले. त्यांनी पुढे ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) या कोकणी चित्रपटांची निर्मिती केली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. स्वरलिपी वाचणे गावच्या शाळेत शिकता आले, तरी जाझ स्वरलिपीत पूर्णपणे मावत नाही. सुराला दिलेला झोका, ठोक्याच्या किंचित मागे राहून वाजवलेली ओळ, ट्रम्पेटच्या तोंडावर म्यूट धरून काढलेला घोगरा आवाज, या बाबी कानानेच उचलाव्या लागतात. परदेशी गुरूपर्यंत ज्यांना पोहोचता आले नाही, त्यांनी तबकड्या पुन:पुन्हा ऐकून ही विद्या मिळवली. एकलव्याने मातीची मूर्ती समोर ठेवली होती. यांच्यासमोर फिरती तबकडी होती.

‘भारताचे आर्मस्ट्राँग’ : गौरव आणि मर्यादा

१९४० च्या दशकात ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ हा चिक चॉकलेट यांच्या नेतृत्वाखालील वाद्यवृंद मुंबईच्या हॉटेलांत नावाजला. आर्मस्ट्राँग यांच्याप्रमाणे खरखरीत आवाजात गाणे, हातात पांढरा रुमाल बाळगणे आणि ट्रम्पेटच्या वरच्या सप्तकात निर्भयपणे शिरणे, यामुळे त्यांना ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ असे म्हटले जाऊ लागले.

हे बिरुद गौरवाचे होते यात शंका नाही. तथापि त्यात एक मर्यादाही दडलेली आहे. कोणाचीतरी प्रतिकृती म्हणून ओळखला जाणारा कलावंत स्वतंत्रपणे मूल्यमापनास पात्र ठरत नाही. त्याचे यश मूळ कलावंताच्या खात्यावर जमा होते आणि अपयश तेवढे त्याच्या नावावर राहते. आपल्या घराणेदार गायकीत मात्र गुरूची हुबेहूब नक्कल ही तालमीची पहिली पायरी मानली जाते. शिष्य पुढे काय करतो यावर त्याची किंमत ठरते. हाच निकष चिक चॉकलेट यांना लावावयाचा झाल्यास त्यांच्या हॉटेलातील वादनापाशी न थांबता त्यांचे चित्रपटसंगीतातील काम तपासले पाहिजे. कारण जे आर्मस्ट्राँग यांनी केले नव्हते, ते त्यांनी येथे केले.

हॉटेलातून चित्रपटगृहात

हॉटेलांतील जाझला १९४७ नंतर ओहोटी लागली. युरोपीय ग्राहकवर्ग घटला. त्यातच १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून कडक दारूबंदी लागू झाल्याने रात्रीच्या नृत्यगृहांचे उत्पन्न आटले. याच सुमारास हिंदी चित्रपटांना मोठ्या वाद्यवृंदाची हाव सुटली होती. स्वरलिपी पाहताक्षणी वाजवू शकणारे गोमंतकीय वादक या गरजेला नेमके उपयोगी पडले. सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संयोजकांनी चित्रपटसंगीताचा चेहरामोहरा बदलला.

या टप्प्यावर चिक चॉकलेट यांची गाठ पडली ती सी. रामचंद्र यांच्याशी. रामचंद्र नरहर चितळकर (१९१८–१९८२) हे मूळचे पुणतांब्याचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. दौंड-मनमाड लोहमार्गावरील हे गाव खान्देशापासून फार दूर नाही. त्यांचे शिक्षण गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेत झाले होते आणि सुरुवातीच्या काळात त्यांनी पेटीवादक म्हणून नोकरी केली होती. रागसंगीत आणि मराठी लोकलय ही त्यांची पुंजी. ‘शहनाई’ (१९४७), ‘पतंगा’ (१९४९), ‘समाधी’ (१९५०) या चित्रपटांतून त्यांनी पाश्चात्त्य नृत्यलयींचा जो खेळकर वापर केला, त्याने श्रोत्यांना वेड लावले. चिक चॉकलेट हे त्यांचे साहाय्यक होते.

या सहकार्याचा कळस म्हणजे भगवान पालव यांनी निर्माण व दिग्दर्शित केलेला ‘अलबेला’ (१९५१). या चित्रपटातील एका नृत्यगीतात चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावर दिसतात. झालरीच्या बाह्यांचे क्यूबन धाटणीचे सदरे घातलेला हा ताफा गाण्याचा भाग बनून वाजवतो. पडद्यामागच्या वादकाला पडद्यावर आणण्याचा हा प्रकार त्या काळी विरळाच होता. इतिहासाच्या अभ्यासकाला त्याचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे : वादकाच्या अस्तित्वाची ही जणू सहीशिक्क्याची नोंद होय.

‘अलबेला’च्या संगीताचे वैशिष्ट्य असे की, त्यातील चाली मराठी कानाला परक्या वाटत नाहीत. भगवानदादांचे साधे, ठेका धरणारे नृत्य आणि चितळकरांचा मोकळा आवाज यांच्या मागे पितळी वाद्यांचा ताफा उभा राहतो. चाल देशी राहते आणि तिचे अंग परदेशी वाद्यांनी भरले जाते. जाझचे येथे अनुकरण न होता रूपांतर झाले आहे, असे म्हणता येईल.

त्याच वर्षी, १९५१ मध्ये, ‘नादान’ या देव आनंद व मधुबाला यांच्या चित्रपटाचे संगीत चिक चॉकलेट यांनी स्वतंत्रपणे दिले. त्यातील तलत महमूद यांनी गायिलेले हळुवार गीत जुन्या गाण्यांचे रसिक आजही आवडीने ऐकतात. हॉटेलातील झगमगाटासाठी ओळखला गेलेला हा ट्रम्पेटवादक, स्वतःच्या नावावर चाल बांधताना इतक्या संयत स्वरात बोलतो, ही बाब ‘आर्मस्ट्राँगची नक्कल’ या शिक्क्याला छेद देणारी आहे. पुढे मदनमोहन यांच्याकडेही त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले. मे १९६७ मध्ये वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

श्रेयाचा प्रश्न

त्या काळातील गीतनिर्मितीची पद्धत समजून घेतल्याशिवाय श्रेयाचा प्रश्न उलगडत नाही. संगीतकार पेटीवर चाल बांधी व गाऊन दाखवी. साहाय्यक वा संयोजक ती स्वरलिपीत उतरवून घेई. कोणत्या वाद्याने कोठे यावे, दोन कडव्यांमधली जागा कशी भरावी, गायिकेच्या ओळीमागे कोणते प्रतिस्वर ठेवावेत, हे ठरवी आणि प्रत्येक वादकासाठी स्वतंत्र कागद लिही. वादक येत, कागद वाचत, वाजवत आणि ठरलेला मेहनताना घेऊन दुसऱ्या ध्वनिमुद्रणाला जात. तबकडीवर नाव छापले जाई ते संगीतकाराचे व गायकाचे. वादकांची नावे तबकडीवर आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत सहसा येत नसत. काम संपल्यावर ते कागदही बहुतेक ठिकाणी जपले गेले नाहीत.

राजवाड्यांच्या शिस्तीने पाहणाऱ्या अभ्यासकाला येथे ठेच लागते. एखाद्या गीतातील अमुक स्वरवाक्य संगीतकाराचे की साहाय्यकाचे, हे ठामपणे सांगणारा दस्तऐवज नाही. अशा वेळी दोन टोकांच्या भूमिका घेतल्या जातात. एक म्हणजे सारे श्रेय ज्याचे नाव छापले त्याला देणे. दुसरी, सारे काम पडद्यामागच्यांनीच केले आणि संगीतकारांनी फक्त नाव लावले, असा आरोप करणे. दोन्ही भूमिका अनैतिहासिक होत. सी. रामचंद्र यांची चाल नसती तर त्या ट्रम्पेटला बोलायला काही नव्हते. आणि तो ट्रम्पेट नसता तर ती चाल ज्या रूपात लोकांच्या ओठी बसली, ते रूप तिला आले नसते. चित्रपटगीत हे सामूहिक श्रमाचे फलित आहे आणि त्याचा इतिहासही त्याच दृष्टीने लिहिला गेला पाहिजे.

येथे आणखी एक साधन उपलब्ध आहे, ते म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी. कागद हरवला तरी तबकडीवरचा श्वास हरवत नाही. ट्रम्पेट हे सुषिर वाद्य आहे. तीन कळा आणि ओठांचा ताण एवढ्यावर त्याचे सारे स्वर निघतात. म्हणून प्रत्येक वादकाचा स्वर लावण्याचा ढंग वेगळा उमटतो. शिलालेखाच्या अक्षरवटिकेवरून जसा काळ ओळखता येतो, तसा सराव असलेल्या कानाला वादनशैलीचा माग काढता येतो. इतिहासाच्या अभ्यासक्रमात अशा श्रवणाला अद्याप जागा नाही, ही उणीव मान्य केली पाहिजे.

खान्देशातील प्रतिध्वनी

ताजमहाल हॉटेलात पाऊल ठेवण्याची ऐपत जळगाव-धुळ्यातील सामान्य माणसाला नव्हती. तरीही त्याच्या कानावर जाझचे स्वर पडले. याची तीन माध्यमे सांगता येतील. पहिले चित्रपटगृह आणि जत्रेतील तंबूतला फिरता चित्रपट. दुसरे रेडिओ. १९५२ पासून माहिती व नभोवाणी मंत्री असलेले बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली. परंतु श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. शास्त्रीय संगीताच्या अभिमानापोटी एका मराठी मंत्र्याने दाराबाहेर ठेवलेले हे संगीत खिडकीतून घरात आले, असे म्हणावे लागेल.

तिसरे माध्यम म्हणजे लग्नाचा बँड. ब्रिटिश लष्करी बँडच्या अनुकरणातून आलेली पितळी वाद्ये विसाव्या शतकात भारतभर लग्नकार्यांत रूढ झाली. परंपरेने सनई, संबळ, हलगी वाजवणाऱ्या समाजांतील अनेक कुटुंबांनी हा व्यवसाय स्वीकारला. खान्देशात लग्नसराईत नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला की पुढे बँड चालतो. बँडमध्ये गायकाची ओळ वाजवण्याचे काम ट्रम्पेट व क्लॅरिनेट यांच्याकडे असते. हे वादक सहसा स्वरलिपी वाचत नाहीत; गाणे ऐकून बोटांवर बसवतात. मुखड्याबरोबर मधल्या जागाही उचलतात, कारण वरातीतल्या मंडळींना त्या जागा पाठ असतात आणि त्या चुकल्या तर गाणे अपुरे वाटते.

अशा रीतीने एक वर्तुळ पूर्ण होते. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरील पितळी पथकांतून निघालेले संगीत तबकडीवरून मुंबईच्या हॉटेलात आले, तेथून चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणगृहात गेले आणि पुन्हा रस्त्यावरच्या पितळी वाद्यांत, जळगाव-धुळ्याच्या वरातीत, परतले. या प्रवासातील मधला दुवा चिक चॉकलेट आणि त्यांचे सहवादक होत. अधिक विचार करण्याजोगे साम्य पुढे आहे. चिक चॉकलेट यांचे नाव ज्याप्रमाणे श्रोत्यांपर्यंत पोहोचले नाही, त्याचप्रमाणे बँडवर बँडमालकाचे नाव रंगवलेले असते आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्याला मांडवात कोणी नावाने हाक मारत नाही. जेवणाची पंगतही त्याच्यासाठी शेवटी बसते. मुंबईतील वादकाच्या उपेक्षेबद्दल हळहळणाऱ्या आपण, दारात वाजवणाऱ्याचे नाव विचारलेले नसते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. चिक चॉकलेट यांचे ‘भारताचे आर्मस्ट्राँग’ हे बिरुद त्यांच्या कारकिर्दीचा केवळ पहिला टप्पा दर्शविते. जाझचे देशी चालीत रूपांतर घडविण्यातील सहभाग हे त्यांचे खरे कार्य होय.

२. त्यांचे चित्रपटसृष्टीतील आगमन ही वैयक्तिक निवड असली तरी तिच्यामागे सत्तांतर, दारूबंदी आणि मोठ्या वाद्यवृंदांची वाढती मागणी ही सामाजिक-आर्थिक कारणे होती.

३. श्रेय कोणा एकाच्या पदरात टाकण्याऐवजी सामूहिक निर्मितीचा इतिहास लिहिणे अधिक न्याय्य ठरते. त्यासाठी ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांना कागदपत्रांच्या बरोबरीने साधनाचा दर्जा द्यावयास हवा.

४. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील बँडवादकांच्या मुलाखती व वादन महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी ध्वनिमुद्रित करून जतन करणे निकडीचे आहे. डीजेच्या भिंतींपुढे बँडचा व्यवसाय आक्रसत चालला आहे आणि जुन्या पिढीतील वादक थकले आहेत.

राजवाडे गावोगाव हिंडून जुने रुमाल सोडवीत आणि त्यातील कागद वाचीत. त्यांच्या भूमीतील अभ्यासकाने आता थोडे ऐकावयासही शिकले पाहिजे. पुढच्या लग्नसराईत वरात दारावरून जाईल, तेव्हा वही काढून ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे नाव, गाव आणि त्याला कोणी शिकवले एवढे टिपून घेतले, तरी एका साधनाची भर पडेल.